निकाल बघायचाय? चॅनल म्यूट करा आणि आयोगाची साईट उघडा (४ जून २०२४ चा अनुभव)

परवा पुतण्याने विचारलं, काका निवडणुकीचा निकाल बघायला बेस्ट काय, चॅनल का ॲप का युट्यूब, तर म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकतो. २०२४ च्या लोकसभेला मी हे सगळं एकाच दिवशी एकाच खोलीत वापरलंय आणि त्यातल्या एकासाठी खिशातले १९९ रुपये पण घातलेत. मी पिंपळगाव बसवंतचा, म्हणजे मतदारसंघ दिंडोरी. हे आधीच सांगतो कारण पुढे दिंडोरी सारखं सारखं येणारे.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी : निवडणूक आयोगाची निकालाची साईट साडेचार स्टार, न्यूज चॅनल एक स्टार, पेड ॲप अर्धा स्टार आणि तो अर्धाही आयकॉनचा रंग चांगला होता म्हणून. आता सविस्तर.

सकाळी सातलाच आमच्याकडे बैठक बसली होती. नाना (माझे वडील, वय ७६) सोफ्यावर, हातात खताच्या कंपनीची फुकट मिळालेली डायरी आणि बॉलपेन, मी खाली सतरंजीवर लॅपटॉप घेऊन, टीव्ही समोर, मोबाईलवर ॲप. नाना प्रत्येक निवडणुकीला डायरीत आकडे उतरवतात, ही त्यांची जुनी सवय, पूर्वी रेडिओवर ऐकून लिहायचे. ह्या वेळी त्यांनी आदल्या रात्रीच पट्टीने रेघा मारून ४८ ओळी आखून ठेवल्या होत्या, नंदुरबारपासून हातकणंगल्यापर्यंत.

मोजणी आठला सुरू होते, तीही आधी टपाली मतांची, मशीन साडेआठनंतर. तर आठ वाजून सहा की सात मिनिटांनी चॅनलवर महाराष्ट्रातल्या अकरा जागांचे कल आले! सहा मिनिटांत पाकीट फोडून, आतलं डिक्लेरेशन तपासून, मत बाहेर काढून किती मोजून होतात ते मोजणीला बसलेल्या कुठल्याही मास्तरांना विचारा. नाना म्हणाले, "अरे लिहू का हे?" मी म्हटलं थांबा. त्यांनी तरी पेन्सिलने लिहिलं. साडेनऊपर्यंत डायरीचं ते पान खोडरबराने फाटायला आलं होतं.

मी दोन चॅनल आलटूनपालटून बघत होतो, नावं लिहीत नाही, सगळे एकाच माळेचे मणी. एकाच मिनिटाला एकीकडे महायुती २४ आघाडी २३, आणि दुसरीकडे महायुती १९ आघाडी २८. म्हणजे राज्य एकच, मशीन त्याच, आणि नऊ-दहा जागांचा फरक? त्याचं कारण असं की चॅनलवाले आपापल्या माणसांकडून, एजन्सीकडून जमेल तसे आकडे घेतात, आणि आयोगाचा आकडा येतो तो एक अख्खी फेरी संपून, टेबलवाईज बेरीज होऊन, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची सही झाल्यावर. एका विधानसभेला साधारण चौदा टेबलं, एका लोकसभेत सहा विधानसभा, त्यामुळे फेरीला वेळ लागतोच. आयोगाची साईट चॅनलच्या मागे असते म्हणून लोक वैतागतात, पण ती मागे नसते, चॅनल पुढे पळत असतं. फुटलेल्या पेपरसारखं.

बरं आकड्यांचं सोडा, आवाजाचं काय. स्क्रीनवर वर पट्टी, खाली पट्टी, बाजूला पट्टी, मध्ये पाच चौकोनांत पाच माणसं एकाच वेळी ओरडतायत, आणि त्यात दर अडीच मिनिटाला ढँण करून ब्रेकिंग. आईने देवपूजा अर्धी सोडून येऊन सांगितलं, आवाज कमी कर नाहीतर वायर काढते. म्यूट केला. म्यूट केल्यावर चॅनल बऱ्यापैकी सहन होतं हे मात्र कबूल करतो, एक स्टार त्याचाच.

आता ॲप. नाव लिहीत नाही कारण आता ते स्टोअरवर मला सापडतही नाहीये, मेलेल्याला कशाला मारा. मे महिन्यात जाहिरात बघून घेतलं होतं, "तुमच्या मतदारसंघाचा लाईव्ह निकाल, एक्स्पर्ट ॲनालिसिससह". सकाळी सव्वाआठला नोटिफिकेशन : "दिंडोरीत भगरे आघाडीवर". आता दिंडोरीच्या बाहेरच्यांना ह्यातली गंमत कळणार नाही. आमच्याकडे मतपत्रिकेवर भगरे दोन होते. एक भास्कर भगरे, शरद पवार गटाचे उमेदवार, शिक्षक, म्हणून सगळे भगरे सरच म्हणतात. आणि दुसरे एक अपक्ष, आडनाव भगरेच, आणि त्यांच्याही नावापुढे कंसात "सर". म्हणजे ॲपला १९९ रुपये देऊन मला कळलं की भगरे सर पुढे आहेत, आता कुठले सर ते तुम्हीच ओळखा. मी त्यांच्या चॅटवर विचारलं कुठले भगरे, तर उत्तर आलं, आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. अकराच्या सुमारास ॲपने परत लॉगिन मागितलं, ओटीपी आला दुपारी सव्वातीनला, तोपर्यंत दिंडोरीचं चित्र स्पष्ट झालं होतं. एवढंच लिहितो ॲपबद्दल, जास्त लायकी नाही.

तर आयोगाची साईट. दिसायला एकदम साधी, सरकारी. राज्य निवडा, मग पक्षनिहाय तक्ता येतो, जिंकलेल्या किती, पुढे असलेल्या किती, एकूण किती, आणि त्याच्याजवळ कोणाला किती टक्के मतं त्याचा गोल. मग मतदारसंघ निवडला की उमेदवारांचे फोटो, खाली मतं आणि कंसात फरक. पण माझा सल्ला, फोटोवाल्या पानावर थांबू नका, त्याच्या पुढचा तक्ता उघडा. त्यात प्रत्येक उमेदवाराच्या नावासमोर तीन आकडे असतात, ईव्हीएमची मतं, टपाली मतं, एकूण, आणि मग टक्केवारी. अगदी तळाला नोटा, म्हणजे "वरीलपैकी कोणीही नाही"ची मतं. माझ्या मते ह्या साईटचा जीव ह्या तक्त्यात आहे, चॅनलवर दिवसभर बसलात तरी तो दाखवत नाहीत कारण त्यात ढँण करण्यासारखं काही नसतं.

दिंडोरीचा तक्ता उघडला. भास्कर भगरे पहिले, भाजपच्या भारती पवार (तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री) दुसऱ्या, आणि तिसऱ्या नंबरवर कोण, तर ते दुसरे भगरे सर. शेवटचा आकडा सांगतो : भास्कर भगरे ५,७७,३३९, भारती पवार ४,६४,१४०, आणि अपक्ष भगरेंना १,०३,६३२. एक लाख तीन हजार! सभा नाही, गाडी नाही, झेंडा नाही, आमच्या गावात तर मी त्यांचं पत्रकही बघितलं नव्हतं. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, म्हणाले "हे शून्य जास्तीचं नाही ना रे?" मी झूम करून दाखवलं.

निशाणीचा घोळ तुम्हाला माहीत असेल, तरी ज्यांना नाही त्यांच्यासाठी. राष्ट्रवादी फुटल्यावर आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ आणि नाव अजित पवारांना दिलं, शरद पवारांच्या पक्षाला मिळाली "तुतारी वाजवणारा माणूस". आणि अपक्षांना द्यायच्या मोकळ्या चिन्हांत एक ट्रम्पेट होतं, आपण जिला पिपाणी म्हणतो, पण यादीत मराठीत तिचंही नाव तुतारीच. आता गावातल्या माणसाला तुम्ही महिनाभर "तुतारी, तुतारी" सांगितलंय, आणि मशीनवर एका भगरे सरांसमोर तुतारी आहे आणि दुसऱ्या भगरे सरांसमोर माणूस आहे ज्याच्या हातात तुतारी आहे. आमच्या इथे भास्कर भगरे तरीही १ लाख १३ हजारांनी निवडून आले म्हणून हे हसण्यावारी गेलं.

साताऱ्यात हसण्यावारी गेलं नाही. तिथे सकाळी बराच वेळ शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे पुढे होते, नानांनी पेनाने लिहून टाकलं होतं (चूक), मग भाजपचे उदयनराजे पुढे गेले आणि शेवटी ३२,७७१ नी जिंकले. साताऱ्याच्या तक्त्यात खाली या : पिपाणीवाला अपक्ष, ३७,०६२ मतं. फरकापेक्षा जास्त. चॅनलवर दुसऱ्या दिवशी "पिपाणीने घात केला" असं सरळ ठोकून दिलं. आता त्या ३७ हजारांपैकी किती जणांचं बोट चुकलं आणि किती जणांनी खरंच त्या अपक्षाला दिलं हे मशीन सांगत नाही, ती सगळीच्या सगळी शशिकांत शिंदेंची होती असं धरायला मी तयार नाही. पण ८-१० टक्के मिळवण्यासारखं नाव नसलेले अपक्ष एकाच निशाणीवर ठिकठिकाणी तिसऱ्या-चौथ्या नंबरला दिसायला लागले की माणूस विचार करतोच. आणि हे दिसतं तक्त्यात, "सातारा : भाजप विजयी" ह्या पट्टीत नाही.

टपाली मतांचा वेगळा कॉलम कशाला असं मला आधी वाटायचं. मुंबई उत्तर पश्चिम बघा. शिंदे गटाचे रवींद्र वायकर विरुद्ध ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर. ईव्हीएमच्या कॉलममध्ये कीर्तिकर ४,५१,०९५ आणि वायकर ४,५१,०९४. एक मत. साडेचार-साडेचार लाखांच्या ढिगात एक मत पुढे. मग शेजारचा कॉलम, टपाली : वायकर १,५५०, कीर्तिकर १,५०१. तिथे ४९ वायकरांकडे. एकूण वायकर ४८ मतांनी विजयी. संध्याकाळी आम्ही बघत होतो त्या चॅनलवर कीर्तिकर विजयी म्हणून गुलालाची फुटेज सुद्धा दाखवून झाली होती, मग फेरमोजणीची बातमी, मग गप्प, मग अचानक उलटी पट्टी, आणि मध्ये काय झालं त्याचं कोणी धड सांगेना, सहा तज्ज्ञ बसलेले होते. त्या चार आकड्यांची वजाबाकी नानांनी डायरीच्या समासात केली आणि म्हणाले, "एक वजा एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस. जागा पण अठ्ठेचाळीस." त्यांना ह्याचं फार अप्रूप वाटलं, आल्यागेल्याला आठवडाभर सांगत होते.

(ह्याच मतदारसंघात नोटाला पंधरा हजारांच्या वर मतं आहेत. ४८ च्या फरकाच्या जागेवर. असो.)

आता ज्याला लोक साईटचा तोटा म्हणतात आणि मी फायदा म्हणतो ते. ही साईट युती-आघाडीची बेरीज करून देत नाही. तिथे सगळे पक्ष वेगवेगळे, एकाखाली एक. आणि महाराष्ट्रात २०२४ ला तर दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी, त्यामुळे तक्ता बघून पहिल्यांदा माणूस गांगरतोच. एक एसएचएस (शिंदेंची सेना), एक एसएचएसयूबीटी (ठाकरेंची), एक एनसीपी (अजित पवारांची राष्ट्रवादी), एक एनसीपीएसपी (शरद पवारांची). नाना विचारतात "आपली कुठली?", मी म्हटलं नाना आपली म्हणजे कुठली ते तुम्ही सांगा, ते काही सांगेनात, गुप्त मतदान. मग मी त्यांना कागदावर लिहून दिलं, धनुष्यबाण, मशाल, घड्याळ, माणूस. तो कागद सेलोटेपने टीव्हीच्या कडेला चिकटवला, अजून थोडा गोंद आहे तिथे.

बेरीज स्वतः करायला लागली म्हणून झालं काय, की निकाल समजला. काँग्रेस १३, भाजप ९, ठाकरेंची सेना ९, शरद पवारांची राष्ट्रवादी ८, शिंदेंची सेना ७, अजित पवारांची राष्ट्रवादी १ (रायगड, सुनील तटकरे), आणि अपक्ष १. म्हणजे आघाडी ३०, महायुती १७, वरचा एक सांगलीचे विशाल पाटील. चॅनलवर ह्या सांगलीच्या जागेचं दिवसभर काय चाललं होतं, कधी "इतर १", कधी आघाडीत धरून ३१, कारण ते काँग्रेसचेच बंडखोर आणि जागा आघाडीत ठाकरेंना सुटलेली. साईटवर सरळ लिहिलेलं, अपक्ष. लाखभराच्या फरकाने जिंकले, आणि आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसरा. ते कोणाच्या जवळचे आणि नंतर कोणाला पाठिंबा देतील हे मोजणीचं काम नाही ना.

मग टक्क्यांचा गोल उघडला आणि तिथे आमच्या घरात अर्धा तास भांडण झालं. भाजपला २६.१८ टक्के मतं, राज्यात सगळ्यात जास्त, आणि जागा ९. काँग्रेसला १६.९२ टक्के आणि जागा १३. नाना म्हणाले काहीतरी चुकलंय. माझा भाऊ (नाशिकला असतो, फोनवर) म्हणाला मशीनचा घोळ. मी म्हटलं थांबा, लढवल्या किती ते बघा. भाजपने २८ जागा लढवल्या, काँग्रेसने १७. जास्त जागांवर उभं राहिलं की राज्यभरातून मतं गोळा होणारच, हरलेल्या जागेवरची साडेचार लाख मतं पण टक्क्यात मोजली जातात. शरद पवारांनी तर १० च लढवल्या आणि ८ काढल्या, टक्के फक्त १० च्या आसपास. कोणी किती लढवल्या हे त्या पक्षनिहाय तक्त्यात नसतं, ते आपल्याला माहीत पाहिजे किंवा आधी लिहून ठेवलेलं पाहिजे, नानांच्या डायरीत होतं.

ह्याच्याही पुढचं सांगतो. दोन्ही बाजूंच्या पक्षांची टक्केवारी नीट जोडली (महायुतीत परभणीचे महादेव जानकर धरायला विसरू नका, त्यांचा पक्ष वेगळा दिसतो) तर दोघंही ४३ आणि ४४ च्या मध्ये येतात. फरक अर्धा टक्काही नाही. आणि जागा ३० आणि १७! २०१९ ला भाजपला २७.८ टक्के होते आणि जागा २३, म्हणजे भाजपचे स्वतःचे टक्के दीडनेच घसरले आणि जागा २३ च्या ९ झाल्या. हे मी नानांना दाखवलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे लाट नव्हती." चॅनलवर तोपर्यंत दोन वेळा सुपडा साफ आणि एकदा सुनामी म्हणून झालं होतं. पाच महिन्यांनी नोव्हेंबरात विधानसभेला महायुतीने २३० च्या आसपास जागा घेतल्या तेव्हा आमच्या कट्ट्यावरचे सगळे चाट पडले, लोकसभेला एवढे हरलेले एकदम कसे काय उठले. नाना मात्र डायरी काढून जूनचं पान उघडून बसले. दोन बाजू मुळात खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या, तिथे तीन-चार टक्के हलले तरी पारडं कुठल्या कुठे जातं. हलले का, कशाने, लाडकी बहीण का आणखी काही, ती वेगळी भांडणं, मी त्यात पडत नाही.

साईटवर जे मिळत नाही आणि मला हवं होतं ते म्हणजे विधानसभावार फोड. माझा मावसभाऊ सटाण्याचा, त्याची लोकसभा धुळे. तिथे काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ नी जिंकल्या, भाजपचे सुभाष भामरे पडले. लोकसभेच्या पानावर हा एवढाच फरक दिसतो. खरी गोष्ट आत आहे : भामरे सहापैकी पाच विधानसभांत पुढे होते, त्यांची एकूण आघाडी १ लाख ९० हजारांच्या घरात, आणि एकट्या मालेगाव मध्यने ती सगळी धुऊन काढली, तिथे बच्छावांना १ लाख ९४ हजारांच्या आसपास लीड. हे बघायला फॉर्म २० लागतो, त्यात बूथवार मतं असतात, तो नंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साईटवर येतो. ज्यांना आपल्या गावाने काय केलं ते बघायचंय त्यांनी तोच काढावा, पण चहा घेऊन बसा, पानंच्या पानं असतात. मी आमच्या गावाचे बूथ शोधले आणि कोणत्या गल्लीत किती ते बघून दोन लोकांशी बोलणं कमी केलं, ते जाऊ दे.

दुपारनंतरच्या वापराबद्दल. बीडसारखी सीट असेल तर फेऱ्यांची आकडेवारी उघडी ठेवा. भाजपच्या पंकजा मुंडे आणि शरद पवार गटाचे बजरंग सोनवणे रात्रीपर्यंत वरखाली, शेवटी सोनवणे ६,५५३ नी. चॅनलवाले दर बदलाला "मोठा उलटफेर" म्हणत होते, मी मोजले नाहीत पण नानांनी सातव्यानंतर लिहिणं सोडलं. फेऱ्या बघत राहिलं की एक कळतं, कोणाच्या हक्काच्या पट्ट्यातल्या मशीन अजून यायच्यात ते माहीत नसेल तर आघाडी म्हणजे काहीच नाही. उलट बारामतीला दीड लाखाच्या वर फरक, ती लढाई महिनाभर टीव्हीवर गाजली आणि निकालाच्या दिवशी दुपारीच गार झाली.

एक्झिट पोलबद्दल वेगळा रिव्ह्यू लिहिणार नाही. १ जूनला संध्याकाळी जे बघितलं त्यातल्या बऱ्याच जणांनी महाराष्ट्रात महायुतीला पुढे ठेवलं होतं. आमच्याकडे मार्केट यार्डात कांद्याच्या ट्रॉलीवर बसलेल्या कोणालाही विचारलं असतं तर नाशिक, दिंडोरी, नगर तिन्ही महायुतीच्या हातून जाणार हे सांगितलं असतं. केंद्राने डिसेंबर २०२३ ला कांद्यावर निर्यातबंदी घातली, ऐन उन्हाळ कांदा निघताना ठेवली, आणि ४ मेला उठवली तीही ४० टक्के ड्युटी लावून, आणि आमचं मतदान २० मेला. पंधरा दिवसांत राग जातो होय? मशीनमध्ये कांद्याचं बटण नव्हतं एवढंच.

अर्धा स्टार कशाचा कापला ते सांगतो. मोबाईलवर तो तक्ता आडवा पसरतो, बोटाने सरकवत बसायला लागतं, नानांच्या वयाच्या माणसाला शेजारी कोणीतरी लागतंच, अर्धा स्टार माझ्याच दुखलेल्या अंगठ्याचा धरा. लॅपटॉप असेल तर प्रश्नच नाही. आणि एक टिप, आदल्या दिवशीच ४८ मतदारसंघांची यादी, प्रमुख उमेदवार, पक्ष आणि लढवलेल्या जागा कागदावर लिहून ठेवा, दिवसभर शोधाशोध होत नाही. तक्त्याचा स्क्रीनशॉट घेताना शेवटच्या अपडेटची वेळ पण त्यात येऊ द्या, नाहीतर संध्याकाळी ग्रुपवर कोणीतरी सकाळचा आकडा फिरवून भांडण लावतो.

संध्याकाळी शेजारच्या आजी आल्या, ऐंशीच्या पुढच्या, मतदानाला रिक्षाने नेऊन आणलं होतं त्यांना आम्हीच. म्हणाल्या, "काय रे, आपली तुतारी आली का?" म्हटलं आली आजी. दिंडोरीचं फोटोवालं पान उघडून लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला, पहिले भगरे सर दाखवले, खाली दुसरे भगरे सर दाखवले. आजींनी दोन्ही फोटो बराच वेळ बघितले, मग स्क्रीनवर बोट ठेवून मला विचारलं, "ह्यात निशाणी कुठंय?"

निशाणी त्या पानावर नसते. मी नानांकडे बघितलं, नानांनी डायरी मिटली आणि म्हणाले चहा ठेवा.